एमिलचे वीस एकर

मी एक जुनी लोखंडी साखळी आहे, मित्रांनो. कुत्र्याला बांधायची नव्हे हं! शंभर कड्यांची, सहासष्ट फूट लांब, जमीन मोजायची साखळी. माणसं मला पितळी मुठींना धरून बांधाबांधानं ताणत नेत, आणि मी दिलेलं माप सरकारसुद्धा निमूट मान्य करी.

कारखान्यातून मी थेट अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या गव्हाच्या मुलखात आले. त्या काळी गहू उदंड पिकला होता आणि भाव पार बसले होते. म्हणून काही एकर पडीक ठेवले तर सरकार शेतकऱ्याला पैसे देई. पडीक खरोखर किती ठेवले, हे मोजायला काउंटीच्या शेती कार्यालयातून मी जायची. मी दिसले की कुणी लिंबूपाणी पुढे करी, कुणी कपाळाला आठ्या घाली.

एका जूनमध्ये व्हर्ना मला एमिल व्होडिच्काच्या शेतावर घेऊन गेली. ती शाळेतली मास्तरीण, सुट्टीत मोजणीचं काम करी. एमिलची बायको लिब्बी खुब्याच्या दुखण्यानं काठी टेकत चाले. वीस एकर पडीकाचा चेक आला की तिला ओमाहाच्या मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं, असं एमिलनं ठरवलं होतं.

"मोज, पोरी, खुशाल मोज," एमिल म्हणाला. "मी पावलांनी मोजून खुंट ठोकलेत. माझं पाऊल तीन फुटांचं. चाळीस वर्षांत एकदा चुकलेलं नाही!"

व्हर्नानं चारही बाजू मोजल्या, आकडेमोड केली आणि हळूच म्हणाली, "एमिलकाका, सतरासुद्धा भरत नाहीत हो. वीस भरल्याशिवाय चेक नाही."

"काहीतरीच! तुझी साखळी म्हातारी होऊन लांबलीय."

मला असा राग आला, मित्रांनो! दर वसंतात माझी तपासणी होई. मी केसभरही लांबले नव्हते.

व्हर्नानं मला गवतावर सरळ पसरलं. "माझ्यासमोर चाला बघू हिच्या शेजारून. नेहमीसारखं. बावीस पावलं व्हायला हवीत."

बाविसाव्या पावलाला माझी मूठ अजून पाच-साडेपाच फूट पुढेच होती. तो पोहोचला चोविसाव्याला. परत जाऊन पुन्हा चालला. पुन्हा चोवीस.

एमिल बांधावर मटकन बसला. "म्हातारा मी झालोय तर. लिब्बी, तुझे डॉक्टरचे पैसे गेले गं माझ्या पायी."

लिब्बी काठी टेकत त्याच्यापाशी आली. "म्हातारा कसला! अरे वेड्या, माझा खुबा गेला तेव्हापासून तू माझ्याबरोबर चर्चला चालतोस, बाजारात चालतोस. मी मागे पडू नये म्हणून पाऊल आखडतं घेतोस. सात वर्षं झाली. तेच तुझ्या पायात बसलंय. मला काय कळत नाही होय?"

जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, आपलं माप खोटं ठरलं असतं तर किती बरं झालं असतं.

व्हर्नानं नाक पुसलं. "शनिवारपर्यंत खुंटांपलीकडचा तेवढा गहू नांगरून मोडलात, तर मी पुन्हा मोजून जाईन. नियमात बसतं ते."

भरल्या ओंब्यांचा तीन-साडेतीन एकर गहू एमिलनं त्याच दुपारी मातीत गाडला. त्याचे डोळे मी पाहिले, अजून विसरले नाही. शनिवारी वीस भरले, वर थोडे. लिब्बीनं व्हर्नाला प्लम भरलेले गोड पाव, कोलाचे, बांधून दिले आणि माझी कडी न् कडी स्वतः पुसली. असे लाड माझे पुन्हा कुणी केले नाहीत.

पुढच्या जूनला लिब्बी काठीशिवाय फाटकापर्यंत आली! एमिलनं व्हर्नाकडून मला पसरवून घेतलं आणि तिचा हात धरून माझ्या शेजारून चालला. तरीही चोवीसच.

"राहू दे," तो हसत म्हणाला. "यंदापासून खुंट तुझ्या साखळीनंच ठोकू."

आता शेतं आभाळातून मोजतात. मी कार्यालयाच्या मागच्या खोलीत खिळ्याला लटकून आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी तुमच्यासाठी पाऊल आखडतं घेत असेल. जरा बघा त्याच्याकडे. आणि कधी इकडे आलात, तर माझ्यावर तेलाचं एक बोट फिरवा. गंज फार चढलाय.