नांगराचा दोर

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरचा ऑल्डन पहाटे एकटाच कॉड मासे पकडायला गेला आणि दुपार टळली तरी परतला नाही, म्हणून त्याची बहीण वर्ना शेजारच्या गसला घेऊन शोधायला निघाली. दोन मैलांवर त्याची होडी सापडली. समुद्र शांत होता. इंजिन बंद होतं, नांगर टाकलेला होता, लाइफ जॅकेट बाकाखालीच होतं. ऑल्डन मात्र नव्हता.

गसने नांगराचा दोर ओढून पाहिला. तो नको तितका जड लागला.

“तू तिकडे तोंड कर, वर्ना,” तो म्हणाला.

“भाऊ आहे माझा. सरक, मीही ओढते.”

हातभर दोर वर आला की वर्ना पाण्यात डोकावून बघायची. पाण्याखाली काहीतरी काळं हलताना दिसलं तेव्हा तिने डोळे गच्च मिटले, पण हात सोडले नाहीत.

“शेवाळ आहे गं,” गस हळूच म्हणाला. “नांगराला गुंडाळलंय, बाकी काही नाही.”

ती डोळे उघडून बाकावर बसली. मग म्हणाली, “परत टाक नांगर. होडी हलवली, तर ऑल्डन यायचा कुठे?”

गसने नांगर सोडला. अंधार पडेपर्यंत दोघं तिथेच थांबली. पुढे चार दिवस बोटी आणि हेलिकॉप्टर त्याला शोधत फिरली. ऑल्डनचं काय झालं, ते कुणालाच कळलं नाही.