क्लॅरिनेटच्या पोटातला अर्धा मिलिमीटर

"मोठा करून दे," सोमाजी म्हणाला.

"काय?"

"भोक."

धनराजनं क्लॅरिनेट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी आरपार बघितलं. मूल गावच्या बाजारामागे त्याचं लेथचं दुकान होतं. राइस मिलचे शाफ्ट, पंपाचे बुश, झालंच तर एका म्हाताऱ्याची कवळीसुद्धा त्यानं घासून दिली होती. पण नव्याकोऱ्या क्लॅरिनेटचं भोक मोठं करायला आजवर कोणी आलं नव्हतं.

"सोमाजीभाऊ, हा तं नवा हाये. वाजत नाई का?"

"वाजते. मस्त वाजते. तेच तं बिमारी हाये."

सोमाजी वडशाच्या एका नाटक कंपनीत एकतीस हंगाम क्लॅरिनेट वाजवत होता. त्याचं जुनं, लाकडी क्लॅरिनेट मागच्या मे महिन्यात उन्हानं उभं तडकलं. सोमाजीनं त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. त्यानंतर ते वाजलं नाही, पण पंक्चरही झालं नाही. मग कंपनीनं नवं, काळ्या प्लास्टिकचं आणलं आणि सगळे खूश झाले. ऑर्गनवाला तर म्हणाला, "सोमाजीभाऊ, एकतीस वर्षांत पयल्यांदा आपन दोघं एकाच गान्यात हाओ."

नव्याचा सूर बारीक आणि नेमका होता, शाळेत प्रार्थनेला उभा राहिल्यासारखा. जुन्याचा रुंद, सैल, कडेला जरासा फाटका. फुंकर वाकवली की सूरही वाकायचा. दुपारी सोमाजी गावच्या तळ्याच्या पाळीवर बसून वाजवी, पलीकडे त्याची बायको गोकुळा जाळं टाकत असे, आणि मधली बदकं उत्तर देत.

"तुमचा सूर नाई हो," गोकुळा पलीकडून ओरडायची, "बदकायचा मामा हाये तो!"

गोकुळाला जाऊन दोन पोळे झाले. नव्या क्लॅरिनेटला एकही बदक मान वळवत नव्हतं.

"जुना वाजवला अन् डोये मिटले, तं गोकुळा पलीकडं हाये असं वाटे," सोमाजी म्हणाला. "आता डोये मिटले का ऑर्गनवाला दिसते."

धनराजनं माप घेतलं. पितळेच्या दोन-तीन कांड्या कातल्या आणि एकेक करून आत सोडल्या. नवं क्लॅरिनेट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं होतं. सोमाजीनं पिशवीतून काढून दिलेल्या जुन्याच्या तुकड्यात मात्र कांडी कुठे अडे, कुठे खुळखुळे.

"अर्धा मिलिमीटर जास्त हाये," धनराज म्हणाला. "पन बनवनाऱ्यानं असा कातला नाई. मशीनचे चरे गोल येते. हे पहा, हे उभे हायेत. कोनीतं वर्षानुवर्ष आतून घासून राह्यलं होतं. काय टाकत होता आतमंदी?"

सोमाजीनं तुकडा उजेडाकडे धरून आत बघितलं.

"राख," तो म्हणाला.

दर शनिवारी गोकुळा घरची भांडी घाशी, आणि भांड्यांच्या रांगेत क्लॅरिनेटही असे. बांबूच्या काडीला चिंधी, चिंधीला मोहाचं तेल, तेलावर चुलीतली राख. एकदा सोमाजीनं पाहिलं आणि तो भडकला होता.

"हा का गंज-गडवा हाये घासाले?"

"मंग तुमचा थुका कोन काढन? ऑर्गनवाला?"

त्यानंतर ती तो नसताना घासू लागली. तो समजून होता, कारण रविवारच्या पहिल्या सुराबरोबर चिमूटभर राख उडायची. त्यानं कधी विषय काढला नाही. लोक म्हणत, सोमाजीच्या फुंकरीत काही वेगळंच आहे. सोमाजीही तेच म्हणत असे.

"मंग सोपं हाये," धनराज उठला. "दोन मिनिटांत अर्धा मिलिमीटर काढून देतो." त्यानं लेथ सुरू केला.

सोमाजीनं नवं क्लॅरिनेट उचलून काखेत धरलं.

"राहू दे."

"काऊन? आता तं तुमीच म्हनलं न भाऊ!"

"म्हनलं होतं," सोमाजी म्हणाला आणि जुन्याचे तुकडे पिशवीत भरू लागला.

घरी आता गॅस होता, त्यामुळे राख नव्हती. शेजारच्या दुर्गाबाईची चूल अजून पेटत होती.

"दुर्गाबाई, मूठभर राख द्या."

"भांडे साचले का भाऊ?"

"एकच हाये."

शनिवार नव्हता, तरी तो पाळीवर जाऊन बसला. गोकुळाच्या जाळ्याची काडी, तिच्या लुगड्याची चिंधी, तेल, राख. हात भरून येईपर्यंत त्यानं घासलं आणि मग ओठाला लावलं.

पहिल्या सुराबरोबर राख उडाली. सूर तसाच, बारीक आणि नेमका. पाण्यावर बदकं आपल्या वाटेनं चालली होती.

सोमाजीनं काडी पुन्हा आत घातली.