जिभेखालची दहा मिनिटं

रोज सकाळी सव्वासातला माझ्या सासूबाई मला आ करायला लावतात. "जीभ वर," म्हणतात. मी जीभ वर करतो. मग चिमटीतली गोळी त्या माझ्या जिभेखाली ठेवतात, तोंड मिटायला सांगतात आणि शिलाई मशीनवरचं गजराचं घड्याळ स्वतःकडे वळवून समोर बसतात. दहा मिनिटं. माझं वय एकोणपन्नास आहे.

ही गोळी गिळायची नसते. ती जिभेखाली आपणहून विरघळावी लागते. पोटात गेली तर फुकट गेली. विरघळेपर्यंत बोलायचं नाही. दुखण्यावरच्या गोळ्यांचं व्यसन जडलेल्या माणसाला ती देतात, म्हणजे तल्लफ गप्प राहते आणि माणूस कामावर जातो. मग हळूहळू कमी करत बंद करायची. डॉक्टरीणबाईंनी हे आम्हा तिघांना समोर बसवून समजावलं होतं. अट एकच, गोळ्या माझ्या हातात राहता कामा नयेत. बायकोची प्रयोगशाळेतली पाळी सातला सुरू होते, म्हणून गोळ्यांच्या डब्याची किल्ली सासूबाईंकडे आली. जावयाचं तोंड बंद ठेवण्याचा हक्क डॉक्टरी चिठ्ठीवर लिहून मिळालेल्या त्या जगातल्या पहिल्याच सासूबाई असाव्यात.

त्यांनी त्या हक्काचं सोनं केलं. पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "तुमच्याशी बोलायला हीच वेळ बरी, जावईबापू. एरवी तुम्ही मध्येच विनोद करता." तेव्हापासून पाच वर्षं मी रोज दहा मिनिटं ऐकत आलोय. वरच्या मजल्यावरचं खुर्च्या ओढणं, दूधवाल्याचा उर्मटपणा, स्वतःचा उजवा गुडघा, आणि लेकीनं निवडलेला नवरा, म्हणजे मी. हा शेवटचा विषय त्या मी तिथे नसल्यासारखा मोकळेपणानं बोलतात.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. औषधाची दुकानं, सराफ, प्रयोगशाळा, जिथे केसाएवढा फरक चालत नाही तिथले. सात वर्षांपूर्वी वीस किलोचं वजन उचलताना कमरेत कळ आली. कमरेसाठी गोळ्या आल्या. कंबर बरी झाली, गोळ्या राहिल्या. इथपर्यंतचं सगळ्यांना माहीत आहे आणि त्याबद्दल लोक बऱ्यापैकी सहानुभूती दाखवतात. माहीत नाही ते पुढचं.

त्याच्या पुढच्या वर्षी सासरे आमच्याकडे राहायला आले, मरायला. ते भूगोलाचे मास्तर. कुठं दुखतंय विचारलं तर दिशा सांगायचे. "आज नैऋत्येला जोर आहे," म्हणायचे. कॅन्सर हाडांत उतरला होता. त्यांना इस्पितळातून बाटलीत सुट्ट्या पांढऱ्या गोळ्या मिळत, आणि मला त्या वेळी कुणीच गोळ्या देत नव्हतं. मी कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. त्या थोड्या मोठ्या होत्या. दुकानात बसून, बारीक पॉलिशपेपरवर घासून मी त्या तेवढ्याच केल्या. जाडी तीच, कड तीच. काट्यावर ठेवून वजनसुद्धा जुळवलं. ते जुळवायची काही गरज नव्हती, घरात काटा नव्हताच, पण सवय. दुपारसाठी वाटीत काढून ठेवलेल्या गोळ्या मी सकाळी कामावर जाताना बदलायचो, रोज दोन, अशा अकरा दिवसांत बावीस. माझ्या हातून इतकं अचूक काम त्याआधी झालं नव्हतं, त्यानंतरही नाही. बाराव्या दिवशी सासरे गेले.

हे मी सहा वर्षं जिभेखाली धरून आहे. ते विरघळत नाही.

गेल्या वर्षी गोळी कमी करायला सुरुवात झाली. पाऊण झाली, मग अर्धी. तुकडे करायचं काम अर्थात सासूबाईंचं. चाळीस वर्षं त्यांनी शाळेचे गणवेश बेतले, पन्नास मुलांचं कापड एका कात्रीत. शिवण उसवायच्या ब्लेडनं त्या गोळी कापायच्या, आणि अर्धी म्हणून मला जे द्यायच्या ते अर्ध्यापेक्षा जास्त असायचं. उरलेला तुकडा दवाखान्यात परत द्यायच्या पाकिटात जायचा, आणि तो बघितल्याबरोबर मला कळायचं. चाळीस वर्षं कापड बेतणारा हात चुकून वाकडा जात नाही. औषध तुटल्यामुळे मला शिंका येत होत्या, अंगावर काटा उभा राहत होता, जांभया देऊन जबडा दुखत होता, आणि त्या माझी दया येऊन मापात पाप करत होत्या. मी, ज्यानं आयुष्यभर दुकानदारांना अर्ध्या ग्रॅमसाठी तोंडावर सुनावलं, गप्प बसायचो. मोठा तुकडा घ्यायचो.

मागच्या सोमवारी गोळी पाव झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक महिना, मग बंद. मंगळवारी सासूबाईंनी ऐसपैस पाव माझ्या जिभेखाली ठेवला आणि म्हणाल्या, "महिन्याभरात तुमचं संपेल. मग सकाळी मी कुणाशी बोलू? लेकीला सांगायला जावं तर ती सल्ला देते. तुमचं बरं आहे." मग मशीनच्या चाकावरची धूळ पुसली. "एक गोष्ट राहिलीय. सांगून टाकते. हूं हूं करू नका, गोळी हलते."

मी हूं केलं नाही.

"शेवटी शेवटी हे फार ओरडायचे ना, तेव्हा मी त्यांना बोलले. म्हटलं, सकाळच्या गोळीनं तुम्हाला डोळा लागतो, मग त्याच बाटलीतली दुपारची का लागू पडत नाही? लेकीनं रजा घेऊन उशाशी बसावं म्हणून ही नाटकं. असं म्हटलं मी. मरणाऱ्या माणसाला.  त्यानंतर ते ओरडले नाहीत. उशी चावायचे. अभ्रा बदलताना मला भोकं दिसायची." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "तुम्हाला वाटतं ना, मी गुडघ्याच्या गोळ्या विसरते म्हणून? विसरत नाही. घेत नाही. म्हटलं, त्यांना नाटकी म्हणालीस ना, मग आता तुझं तू सोस."

त्या गोळ्यांवरून मी सहा वर्षं विनोद करत आलोय. आईंचा गुडघा कंजूष आहे, औषध खर्च होऊ देत नाही, वगैरे. सगळे हसायचे. त्यासुद्धा.

घड्याळ वाजलं. "उघडा," त्या म्हणाल्या. मी तोंड उघडलं. त्यांनी वाकून बघितलं, आत काही उरलं नव्हतं. "शाबास," म्हणाल्या आणि भाजी निवडायला गेल्या.

माणूस स्वतःला किती सवलती देऊ शकतो याचा अभ्यास करायचा असेल तर माझे पुढचे तीन दिवस उपयोगी पडावेत. पाव गोळी तीन मिनिटांत विरघळते, हे मला बुधवारी कळलं. राहिलेली सात मिनिटं मी रिकामं तोंड मिटून बसलो, वैद्यकीय कारणास्तव. गुरुवारी ठरवलं की औषध पूर्ण सुटल्यावर सांगू. म्हणजे सांगणारा माणूस निदान धड असेल. शुक्रवारी वाटलं, आता सांगून त्यांना उगाच त्रास. हा विचार फारच उदात्त होता, म्हणून मला त्याचा संशय आला. त्या दिवशी एका औषधाच्या दुकानात काटा तपासत होतो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काउंटरवर कॅल्शियमच्या गोळ्या मागितल्या. मला खाली बसावं लागलं. दुकानदारानं पाणी दिलं आणि म्हणाला, "कंबर का?" मी म्हटलं, हो.

शनिवारी गोळी जिभेखाली गेली. मिनिटभरानं खाली रस्त्यावर कुणीतरी भोंगा वाजवायला लागलं, म्हणून सासूबाई खिडकी लावायला उठल्या. अर्ध्यातच गुडघ्यानं दगा दिला. त्यांनी मशीनची कड धरली. आवाज केला नाही. गळ्यात मापाची फीत असते त्यांच्या, अजूनही, सवयीनं. तिचं टोक दातांत धरलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

"आई," मी म्हटलं, "ते नाटक करत नव्हते."

जिभेखाली गोळी असताना बोललं की माणूस दारू प्यायल्यासारखा वाटतो. त्या वळल्या. "बोलू नका. हलेल."

"दुपारच्या गोळ्या खोट्या होत्या. मी बदलल्या होत्या. त्यांच्या मी खाल्ल्या."

खाली भोंगा वाजतच होता. त्या परत येऊन खुर्चीत बसल्या, गुडघा सांभाळत, एकेक पाऊल टाकत.

"खोट्या म्हणजे?"

"कॅल्शियमच्या. घासून तेवढ्याच केल्या होत्या."

"किती?"

"बावीस."

त्यांनी गळ्यातली फीत काढून मशीनवर ठेवली. मग म्हणाल्या, "मला एकदा शंका आली होती. दोन गोळ्या शेजारी ठेवून, चष्मा लावून बघितल्या. फीतसुद्धा लावली. काही म्हणजे काही फरक नव्हता. म्हणून तर मी त्यांना बोलले."

 अचूकपणाबद्दल मला आजवर बरीच शाबासकी मिळालीय.

"लेकीला माहीत आहे?"

"नाही."

"आज सांगा. ती घरी आली की. चहा व्हायच्या आधी." त्या उठल्या. "गोळीचं काय झालं?"

"बोलताना गिळली गेली."

"मग गेली. दुसरी मिळणार नाही."

बायकोला मी संध्याकाळी सांगितलं. ती बूटसुद्धा न काढता उभी होती. तिनं सगळं ऐकलं, एकच प्रश्न विचारला, "बाबांना कधी तुझा संशय आला होता?" मी म्हटलं, नाही, एकदा फक्त मला म्हणाले होते, तुझी कंबर कशी आहे. मग ती आईच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. ती माझ्याशी अजून बोललेली नाही. शिंका, काटा, जांभया सगळं त्या रात्री एकदम आलं, आणि मला ते अगदी रास्त वाटलं.

रविवारी सव्वासातला सासूबाई येतील असं वाटलं नव्हतं. मी मात्र स्टुलावर जाऊन बसलो होतो. त्या आल्या. डबा उघडला, गोळी ताटलीत ठेवली. चष्मा लावला. ब्लेड एकदा उभं, एकदा आडवं. त्यांनी एक तुकडा चिमटीत उचलला. ताटलीतले तीन आणि चिमटीतला एक, चारही हुबेहूब सारखे होते. काट्यावर ठेवायची गरज नव्हती.

"जीभ वर."

मी जीभ वर केली. तुकडा खरोखरच लहान होता. पाव म्हणजे किती थोडं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी खिशातून स्वतःच्या गोळ्यांची पट्टी काढली, गुडघ्याच्या. एक गोळी तळहातावर घेऊन पाण्याबरोबर गिळली आणि पेला मशीनवर ठेवला. घड्याळ वळवून समोर बसल्या. दूधवाल्याचं काही निघालं नाही, वरच्या खुर्च्यांचंही नाही. तीन मिनिटांनी माझ्या तोंडात काही उरलं नाही. मी उठायला लागलो.

"दहा," त्या म्हणाल्या.

मी बसलो.