एका नंबरावर एकच खातं

आमच्या पुढच्या खोलीत बँक आहे. बँक म्हणजे काय, तर एक टेबल, अंगठा लावायचं एक यंत्र, पावती काढणारी एक डबी आणि त्यामागे बसलेली माझी सून. खरी मोठी बँक बाजाराच्या पलीकडे. तिथे काचेचं दार, आत थंड हवा आणि दारात येणाऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळणारा पहारेकरी. आमच्या गल्लीतल्या बायका त्या दारापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. मग बँकेनेच गल्लीत यायचं ठरवलं. गल्लीत म्हणजे नेमकं माझा पलंग होता तिथे. पलंग मागच्या खोलीत गेला, त्याच्यामागून मीही गेले. मला कुणी विचारलं वगैरे नाही.

सकाळपासून दाराशी चपलांचा ढीग. कुणाला पैसे भरायचेत, कुणाला काढायचेत, कुणाला नुसतंच विचारायचंय की कालचे पैसे अजून आहेत ना. रात्रीतून उंदीर खाणार होते जसे काही! सून सगळ्यांना तेच उत्तर न कंटाळता देते. मी आतून ऐकून कंटाळते. गल्ली तिला बँकताई म्हणते. मला काकूच म्हणतात आणि पाणी मात्र माझ्याकडे मागतात.

गंमत अशी की घरात बँक असून माझं खातं नव्हतं. यजमान गेल्यापासून त्यांचं पेन्शन माझ्या नावाने निघतं, पण जमा होतं मुलाच्या खात्यात. तेव्हा घाईगडबडीत तसं केलं आणि तसंच राहून गेलं. मुलगा वाईट नाही. मागितलं की देतो. फक्त मागावं लागतं, आणि "कशाला हवेत गं?" असं त्याने विचारलं की काहीतरी सांगावं लागतं. चष्म्याची काडी मोडली तरी सांगायचं, बहिणीकडे जायचं तरी सांगायचं. या वयात मला त्याचा फार शीण होतो. शेवटी सूनच म्हणाली, "आई, या महिन्यात तुमचं खातं उघडून टाकू. फोन तुमचा आहे, नंबर तुमचा आहे, अडलंय कुठे?" मी वरवर "बघू" म्हटलं. आतून मला किती बरं वाटलं, ते तिला कळू दिलं नाही.

आणि त्याच आठवड्यात बँकेने गल्लीतल्या बायकांची खाती गोठवली.

त्याचं असं झालं. खातं उघडायला फोन नंबर लागतो. पैसे आले-गेले की त्या नंबरावर मेसेज येतो. आमच्या गल्लीत बहुतेक घरी फोन एकच, आणि तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात. पुरुषांना मजुरी रोजच्या रोज रोख मिळते, त्यांचं बँकेवाचून काही अडत नाही. खातं हवं असतं बायकांना, आणि तेही कुणाला कळू न देता. मेसेज त्याच्या खिशात वाजला तर खातं असून नसल्यासारखंच. म्हणून पहिलीच बाई सुनेला म्हणाली, "ताई, तुझाच नंबर टाक ना." सुनेने टाकला. मग दुसरीसाठी टाकला, मग तिसरीसाठी. होता होता तीसेक बायकांचे मेसेज आमच्या घरात वाजायला लागले. सून भाजी निवडता निवडता वाचायची, पुसून टाकायची आणि संध्याकाळी ज्या त्या बाईच्या कानात सांगायची. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही. बाहेर जाताना घराची किल्ली शेजारणीकडे ठेवतोच ना आपण? पण वर कुठल्याशा संगणकाला वाटलं की एकच बाई तीस नावं घेऊन फिरतेय.

तपासणीला जो साहेब आला तो माझ्या मुलाहून लहान. घामाने निथळत होता, बुटाची नाडी सुटलेली. सकाळपासून अशाच घरांतून हिंडत होता म्हणाला. मी त्याला पाणी दिलं. वैतागायचं ठरवलं होतं, पण त्याचं तोंड बघून ते जमेना.

"ताई, तुम्ही काही खाल्लं नाहीत, हे मला दिसतंय," तो सुनेला म्हणाला. "पैसा न् पैसा जागेवर आहे. पण नियम म्हणजे नियम. एका नंबरावर एकच खातं. प्रत्येकीने आपला नंबर द्यायचा, त्यावर आलेला आकडा मला सांगायचा, की खातं लगेच मोकळं. मी पाच वाजेपर्यंत इथे बसतो."

"आणि जिच्याकडे नंबर नसेल तिने?"

"घरात कुणाचा तरी असेलच की," तो म्हणाला. अगदी भाबडेपणाने म्हणाला. त्याच्या घरी असणार.

दुपारभर बायका येत राहिल्या. कुणी नवऱ्याचा फोन मागून आणलेला, कुणी नवऱ्यालाच सोबत घेऊन आलेली. शिवणकाम करणारीचा नवरा टेबलाशी उभा राहिला, खातं मोकळं झालं, पावती निघाली, त्याने ती हातात घेतली आणि बघतच राहिला.

"एवढे कुठून आले गं?"

"साठवले," ती म्हणाली.

तो चिडला नाही. उलट खूश झाला, तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "बरं झालं, छपराचं काम उरकून टाकू." तिला दात बसवायचे होते. गल्लीत सगळ्यांना ते माहीत होतं, एक तो सोडून. ती तोंडावर पदर धरून त्याच्यामागून निघून गेली. साहेबाने यादीतल्या तिच्या नावापुढे खूण केली आणि पुढचीला बोलावलं. मला त्या क्षणी त्याचा, त्या यंत्राचा आणि सगळ्या जगाचाच राग आला.

चारच्या सुमाराला फरशीवाली आली. ही दवाखान्यात फरशी पुसते. पन्नाशीची असेल, पण गुडघे माझ्यापेक्षा म्हातारे. तिचा पगार पगाराच्याच दिवशी मुलगा काढून घेतो, आणि उरलेले एकोणतीस दिवस तिच्या खाण्यावरून बोलतो. एकदा हातही उगारला होता. दोन वर्षं ती दवाखान्यातून सुटल्यावर परस्पर दोन घरची भांडी घासत होती, आणि ते पैसे आमच्या टेबलावर भरत होती. मुलाला तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. दवाखान्यामागे एक खोली तिने बघून ठेवली होती. खोली म्हणजे काय, पाय पसरले की भिंत. पण दाराला आतून कडी होती, हे तिने मला दोनदा सांगितलं होतं. अनामत त्याच संध्याकाळी द्यायची होती. नाही दिली तर मालक दुसऱ्याला देणार होता.

"ताई, माझे पैसे," ती म्हणाली.

सुनेने तिला सगळं समजावलं. ती खाली बसली, भिंतीला टेकून. रडली नाही. रडायलाही अंगात काही लागतं.

"घरात फोन आहे ना?" साहेबाने विचारलं.

"मुलाचा आहे."

"मग तो द्या की."

"त्यापेक्षा पैसेच त्याच्या हातावर ठेवते," ती म्हणाली. "तेवढाच तुमचा वेळ वाचेल."

सुनेने विचारलं, आत्ताच्या आत्ता नवा नंबर घेतला तर? तो सुरू व्हायला दोन-तीन दिवस लागतात, असं साहेब म्हणाला. सुनेच्या नंबरावर सुनेचं खातं होतं, माझ्या मुलाच्या नंबरावर मुलाचं. शेजारपाजारच्या ज्या बायकांकडे स्वतःचा फोन होता त्यांचं त्यावर खातं होतंच. सून यंत्राची वायर उगीचच गुंडाळायला लागली. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही, आणि न बघण्यातूनच मला कळलं की तिच्या मनात काय आहे.

मला मोठेपणा सांगायचा नाही. पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की मीच का? सगळ्या गल्लीचं झालं, आता कुठे माझी पाळी आली होती. पलंग दिला, खोली दिली, दिवसभर पाणी देते, आता हेही द्यायचं? मी उठून आत गेले. पलंगावर बसले. बसून काय होणार होतं? बाहेरून फरशीवालीचा आवाज आला. ती सुनेला विचारत होती, "पाच वाजायला किती वेळ आहे गं?" त्यात तक्रार नव्हती. दवाखान्यात पाळी संपायला किती वेळ आहे असं विचारतात, तसं विचारलं तिने.

मी बाहेर आले आणि फोन टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच.

"हा घ्या. घाला हिच्या खात्याला."

"काकू," साहेब म्हणाला, "मग तुमच्या खात्याला हा चालणार नाही. तुम्हाला नवा नंबर घ्यावा लागेल."

नवा नंबर म्हणजे नवा फोन. नवा फोन म्हणजे मुलाला सांगणं. सांगणं म्हणजे, कशाला हवाय गं? हे मी साहेबाला कुठे समजावून सांगत बसू?

"माहीत आहे," मी म्हटलं. "लवकर करा, तिचा मालक थांबायचा नाही."

फोन वाजला. मी आकडा वाचून सांगितला. फरशीवालीने अंगठा लावला. पाण्यात राहून राहून तिच्या बोटांची कातडी पार गेलेली, यंत्र दोनदा नाही म्हणालं आणि तिसऱ्यांदा हो म्हणालं. सगळ्यांचाच जीव भांड्यात पडला, साहेबाचासुद्धा. सुनेने पैसे दिले. तिने ते पोलक्यात खोचले आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"काकू, महिन्याभरात फोन घेते. तुमचा नंबर मोकळा करून देते."

"घे सावकाश," मी म्हटलं.

नव्या खोलीचं भाडं भरून ती फोन कुठून घेणार होती? तिलाही माहीत होतं, मलाही. ती गेली. लंगडत होती, पण भरभर गेली.

संध्याकाळी मुलगा आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. सुनेने दिवसभराचं थोडंफार सांगितलं, माझ्या नंबराचं सांगितलं नाही. तेवढ्यात माझा फोन वाजला. फरशीवालीच्या खात्यात कुणीतरी भांड्यांचे पैसे टाकले होते. मुलाने सवयीने हात पुढे केला.

"आण, वाचून दाखवतो."

"राहू दे. मला वाचता येतं."

त्याचा हात तसाच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. ती वाढत होती.

"कुणाचा होता?"

"माझा होता," मी म्हटलं आणि फोन मांडीखाली सरकवला.

तो हसला. आई म्हातारी झाली की असं करते, असं काहीतरी त्याला वाटलं असावं. मग घास तोंडात घालत म्हणाला, "बरं, तुझं पेन्शन जमा झालंय आज. काही लागलं तर माग हं."

"मागेन," मी म्हटलं.