चार बोटांची दुमड

टेलरबाईंनी मुलाचे जुने बूट पायात चढवले, पुढे चिंध्या कोंबल्या, गुडघ्याला पट्टा आवळला आणि सुनेच्या आधी दारात जाऊन उभ्या राहिल्या. आठ किलोमीटर चालायचं होतं. गावाबाहेर टेकाडावर एक घर आहे. ज्या मुलांच्या दुखण्यावर औषध उरलेलं नाही, त्यांना तिथं शेवटपर्यंत हसतंखेळतं सांभाळतात. त्या घराला मदत मिळावी म्हणून शे-दीडशे माणसं चौकापासून त्याच्या फाटकापर्यंत चालणार होती. बाईंची नात भिंगरी तिथंच गेली. आठ महिने झाले.

"तुम्ही कशाला?" सून म्हणाली.

"का? रस्ता तुझ्या माहेरचा आहे?"

बोलून झाल्यावर बाईंनी जीभ चावली. आज त्या भांडायला निघालेल्या नव्हत्या. फाटक यायच्या आत एक वाक्य परत घ्यायचं होतं.

त्याचं असं झालं. चाळीस वर्षं बाईंनी लहान मुलांचे कपडे शिवले. पोरं वाढतात, म्हणून फ्रॉकच्या घेराला आतून चार बोटं कापड दुमडून ठेवायचं. पुढच्या वर्षी उसवलं की तोच फ्रॉक पुन्हा बसतो. भिंगरीचा पिवळा फ्रॉक शिवायला घेतला तेव्हा डॉक्टरांनी काय ते सांगून टाकलं होतं. बाईंनी ऐकलंही होतं, पण हातांना कोण सांगणार? हातांनी चार बोटं दुमडली. फ्रॉक घालताना सुनेच्या बोटांना ती दुमड लागली.

"ही कुणासाठी ठेवलीत, आई?"

चुकलं म्हणायला बाईंचं नाक आडवं आलं. "मग काय, तेवढ्याच दिवसांच्या मापाचा शिवू?" पोरीच्या उशाशी बसून बोलल्या हे!

तेव्हापासून सुनेनं त्यांना आई म्हणणं टाकलं. वाढायची, औषध द्यायची, सगळं करायची, पण 'तुम्ही' एवढ्यावर भागवायची. फ्रॉकही कपाटातून गेला. कुठं गेला, हे विचारायची बाईंची छाती झाली नाही.

पहिला किलोमीटर त्यांनी वाक्य जुळवण्यात घालवला. दुसऱ्यात सून पुढे गेली. तिसऱ्यात गुडघा बोलायला लागला. मागून हळूहळू येणाऱ्या गाडीतून एका पोरसवदा डॉक्टरनं डोकं काढलं. "आजी, बसता का?"

"गाडीत बसून चालायला मी काय तुमची अध्यक्ष आहे?"

आजूबाजूचे हसले. सुनेनं मात्र वळून पाहिलं आणि बुटाची नाडी बांधायला वाकली. नाडी सुटलेली नव्हतीच. बाई शेजारी येईपर्यंत ती बांधत राहिली.

"अगं," बाई म्हणाल्या.

"काय?"

"काही नाही. ऊन फार आहे."

असं आणखी तीनदा झालं. पाण्याच्या टेबलापाशी, पुलावर आणि चढाला लागल्यावर. तिन्ही वेळा वाक्य घशापर्यंत आलं आणि बाईंनी गिळलं. आयुष्यात कुणाला चुकलं म्हटलं नव्हतं. सवय कुठली?

वळण संपलं आणि फाटक आलंसुद्धा. ज्या मुलांना जमत होतं त्यांना चाकाच्या खुर्च्यांत बसवून टाळ्या वाजवायला बाहेर आणलं होतं. कडेला एक मुलगी होती, भिंगरीहून वीतभर उंच, काडीसारखी. अंगात पिवळा फ्रॉक.

बाई थांबल्या. आपलं काम त्या अंधारातही ओळखतील. वरचं कापड धुऊन धुऊन विटलेलं आणि खाली चार बोटांचा पट्टा नव्यासारखा गर्द. दुमड कुणीतरी उसवली होती. कडेला नवी तुरपाई घातली होती, तीही खुर्चीच्या चाकात अडकून एका बाजूला लोंबत होती.

"हे टाके कुणी घातलेत? डोळे बांधून घातलेत का?"

"मी," सून म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग गुडघ्याला न विचारता मटकन खाली बसल्या, पदराला टोचलेली सुई काढली आणि सुटलेली कड हातात घेतली. सुईत दोरा ओवता येईना. सून शेजारी बसली, तिनं ओवून दिला.

"चुकलं माझं," बाई कापडाकडे बघत म्हणाल्या. "तेव्हा बोलले ते. जीभ झडायला हवी होती."

सुनेनं घेर ताणून धरला, बाईंना टाका नीट पडावा म्हणून.

"मी सोमवारपासून वाढलेय," मुलगी वरून म्हणाली. "सिस्टरनी भिंतीवर खूण केलीय. आता हा तोकडा होणार."

बाईंनी आतून बोटं फिरवली. दुमडीत आता काही उरलं नव्हतं. "झालर लावू खाली," त्या म्हणाल्या. पुढचं बोलताना सुनेकडे बघायचं धाडस होईना. "आत चार बोटं..."

"पाच ठेवा, आई," सून म्हणाली.