धाकटीचा करंट

“झालं, बसला करंट! कामाला मान खाली घातली की बसतो, जेवायला घातली की नाही बसत. मोठा शहाणा करंट आहे बाई!”

थोरलीच्या मते ती हे व्हार्निशच्या डब्याला म्हणाली. पण डबा आणि धाकटीचं स्टूल यांच्यात अंतर हातभर. बोलणं कुणासाठी होतं हे डब्यालाही कळलं असतं.

“जेवतानाही बसतो, ताई,” धाकटी म्हणाली. “सांगायचं सोडून दिलंय.”

पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्यानं भरून द्यायचं दुकान दोघा भावांचं; थोरली आणि धाकटी त्यांच्या बायका. थोरला मोटार उघडायचा, धाकटा जोडायचा, थोरली व्हार्निश लावायची आणि गिऱ्हाइकांशी भांडायची. मोटारीत तांब्याच्या तारेचे वेढे भरायचं, वाइंडिंगचं काम मात्र धाकटीचं. तिच्या हातची मोटार परत येत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणत. आता मोटारी परत येऊ लागल्या होत्या. बोटांना मुंग्या येतात, तार हाताला लागत नाही, आणि मान वाकवली की मानेतून थेट पायापर्यंत करंट जातो, असं ती सांगायची.

दुसऱ्या कुठल्या घराला हे ऐकून डॉक्टर आठवला असता. या घराला अर्थिंग आठवलं. थोरल्यानं वाइंडिंग मशीनमधली विजेची गळती मोजली. धाकट्यानं दुकानामागे नवा खड्डा खणून मीठ-कोळसा घातला आणि तांब्याची पट्टी पुरली. स्टुलाखाली रबरी मॅट आली, पायात रबरी स्लीपर आल्या. तरी करंट बसायचाच. शेवटी थोरल्यानं मशीनला चारी बाजूंनी टेस्टर लावला आणि दिवा पेटेना तसा तो खिशात टाकला.

“मशीन बिनचूक आहे,” एवढंच तो म्हणाला. पुढचा विचार सगळे एकच करत होते. मशीन खरं असेल तर खोटं कोण?

त्या दिवसापासून धाकटी आत आली की बोलणं थांबायचं. तिला वाटायचं, मशीनमध्ये काहीतरी सापडलंय आणि हे लपवतायत. थोरलीला वाटायचं, हिला वेगळं व्हायचंय. काम नासवायचं, मग म्हणायचं आम्हाला इथं सोसत नाही. थोरला तर वाइंडिंगला दुसरी कुणी बघावी लागेल, असं धाकटीला ऐकू जाईल अशा बेतानं फोनवर बोलू लागला होता. धाकटा दोन्हीकडून मान हलवायचा. त्याच्या मानेला कसलाच त्रास नव्हता.

मग धाकटी कुणाला न सांगता डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आली, आणि त्यांनी मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय सांगितला.

“मान अवघडली आणि मेंदूचा फोटो?” थोरला म्हणाला. “त्यांचं मशीन रिकामं पडलं असेल.”

“मी जाते सोबत,” थोरली म्हणाली. सोबत कसली, पहाराच.

एमआरआय सेंटरमधल्या मदतनीस मुलीनं धाकटीच्या अंगावरचं धातूचं सगळं काढून घेतलं आणि विचारलं, “डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेलाय?”

“आमच्याकडे ग्राइंडर चालतो. गेलाही असेल.”

“मग आधी डोळ्यांचा एक्स-रे. आत चुंबक आहे, कण असला तर हलेल.”

बघा, लांबवायला कारण सापडलं, असं थोरलीच्या मनात आलं. पण धाकटीच उलट घाई करत होती. एक्स-रे स्वच्छ निघाला, तशी ती कानात कापूस घालून भराभर आत गेली. उजवा पाय जरा मागे राहत होता. सोंग करणारा माणूस तपासायला इतका उतावीळ असतो? थोरलीला हा प्रश्न आवडला नाही. तिनं तो बाकावर आपल्याशेजारी ठेवला आणि त्याच्याकडे पाठ केली.

आतून ठकठक, घुर्रर्र, पुन्हा ठकठक. “बेअरिंग गेलंय याचं,” ती पुटपुटली, आणि एकटीच हसली. मग आवाज थांबला. बराच वेळ कुणी बाहेर येईना, तेव्हा तिला हसल्याचं वाईट वाटलं.

दोन दिवसांनी सगळेच डॉक्टरीणबाईंकडे गेले. दुकान बंद ठेवून. थोरला म्हणाला, आपण चार प्रश्न विचारू, बघू काय उत्तरं देतात.

बाईंनी पडद्यावर फोटो लावला. करड्या मेंदूत पांढरे ठिपके होते, मानेतल्या मज्जारज्जूतही एक. “नसांवर आवरण असतं. तुमचं शरीरच ते जागोजागी खरवडतंय. मान वाकवल्यावर जो करंट बसतो, तो या मानेतल्या ठिपक्याचा.”

“म्हणजे करंट खरा?” धाकटीनं विचारलं.

“तुम्हाला जाणवतो तो खराच.”

थोरल्यानं घसा साफ केला. “कामाच्या ताणानं येत असतील असे ठिपके?”

“नाही. आणि हे बघा.” त्यांनी दुसरा फोटो लावला. “फोटो काढताना मध्येच हाताच्या शिरेतून औषध दिलं होतं ना? ताजा ठिपका त्यानं उजळतो. हा उजळलाय. बाकीचे नाही, ते जुने. म्हणजे हे एकदाच झालेलं नाही. मागे कधी काही झालं होतं? मुंग्या? नजर?”

थोरला पडद्याकडेच बघत राहिला. सांगायला काही नव्हतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी धाकटी म्हणाली होती, एका डोळ्यावर मेणकागद चिकटवल्यासारखं दिसतंय, लाल रंग फिका दिसतो. तेव्हा तिनं तारेचे वेढे चुकवले, मोटार जळली, गिऱ्हाइकानं दुकान डोक्यावर घेतलं. काही आठवड्यांनी डोळा आपोआप निवळला. आणि आपोआप बरं होतं ते मुळात झालेलंच नसतं, असं घरानं ठरवून टाकलं होतं.

“एक डोळा,” धाकटीच म्हणाली. “धूसर व्हायचा.”

बाईंनी मान हलवली. “जुळतंय. नुसत्या फोटोवर शिक्का मारत नाही मी; रक्त तपासू, पाठीतलं पाणी तपासू, असेच ठिपके दुसऱ्या आजारांतही येतात. पण मला मल्टिपल स्क्लेरोसिस वाटतोय. समूळ जात नाही. झटके कमी करणारी औषधं आहेत, आणि लवकर सुरू केलेली बरी.”

“वाइंडिंग करता येईल?” धाकटीनं विचारलं.

“बोटं परत येतात की नाही, किती येतात, ते औषधानंतर कळेल. आत्ता नाही सांगू शकत.”

बाहेर आल्यावर चौघं पायऱ्यांशी थांबले. धाकट्यानं पाण्याची बाटली उघडली आणि तशीच धरली. थोरला म्हणाला, “तरी एकदा अर्थिंग पुन्हा बघतो. आणि मॅट जाड आणू. मशीनच बदलू हवं तर.”

“भाऊजी, मशीन चांगलं आहे,” धाकटी म्हणाली.

“नाही, पण जुनं झालंय ना...”

“अहो, पुरे करा ते मशीन!” थोरली कडाडली. ती धाकटीकडे वळली, पण डोळ्यांकडे बघायचा धीर होईना, म्हणून तिनं तिचा मुंग्या येणारा हात हातात घेतला.

“आम्हाला वाटलं, तू खोटं बोलतेस. सगळ्यांना. मला सगळ्यांत जास्त.”