कारण: बैलाचे शिंग

मेलेल्या माणसाची हनुवटी फडक्याने डोक्याला बांधतात.

मोडलेला जबडा जुळायला सहा आठवडे लागतात.

फौजीची रजा अठ्ठावीस दिवस.

सोनाराची कात्री बारीक तार सहज तोडते.

कडेगावची एसटी सांगलीला सव्वाअकराला पोचते.

त्या एसटीने विजयमाला दुसऱ्यांदा आली. मी तिचे वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधून जेमतेम नऊ दिवस झाले होते. आता एकही तार नव्हती. हनुवटीची पट्टी नव्हती. खालचा जबडा डावीकडे ओघळलेला. तो तिने पदरासकट हातात धरला होता.

सोबत सासू, रंगुबाई.

"कुणी कापल्या तारा?"

"गावच्या सोनारानं. लय हलक्या हातानं कापल्या बगा."

"सहा आठवडे हात लावायचा नाही, सांगितलं होतं ना?"

"आवं डाक्टर, सवाशीण बाई चुलीम्होरं मढ्यावानी तोंड बांधून बसल्याली! येनारी जानारी इचारायची, कवा गेली? आन गुंडाला परत सरहद्दीवर जायाचं हाय. त्यानं रोज असलं अपशकुनी थोबाड बगायचं?"

गुंडा तिचा नवरा. पहिल्या वेळी त्यानेच तिला आणलं होतं. बैलानं शिंग मारलं, म्हणाला. शिंगाने कातडी फाटते. तिची कुठेच फाटली नव्हती. मला ते दिसलं होतं. दिसूनही केसपेपरवर मी लिहिलं,

कारण: बैलाचे शिंग.

"आणि ते फोडलं कुणी? तो अपशकुन नाही?" मी ओरडलो. बाहेर बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. "चला, बाहेर व्हा!"

रंगुबाई उठली. दारातून म्हणाली, "दाताचा डाक्टर न्हवं तुमी? दात बगा."

मी विजयमालाला सांगितलं, हाड पुन्हा ओढून जागेवर आणावं लागेल. पुन्हा सहा आठवडे तारा. दुखेल.

"आदी लिवा," ती म्हणाली.

"काय?"

"बैल न्हवता."

मी ओळ खोडली. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. शब्दाआधी लाळ यायची, ती पुसायची, पुन्हा तोच शब्द सांगायची. मूठ. दोनदा. भिंतीला दाबून धरून. नवऱ्याचं नाव ती घेईना. मीच लिहून दाखवलं.

"मला वाचता येत न्हाई. वाचा."

मी वाचलं. माझा आवाज रागाने कापत होता. राग गुंडावर आहे, असं मी धरून चाललो होतो.

"पयल्यांदा का न्हाई इचारलं?"

"नवरा शेजारी होता."

तिने मग जबड्यावरचा हात काढला.

"बांधा आता."

पहिल्या दिवशी गुंडा चहा प्यायला खाली गेला होता. ती वीस मिनिटं माझ्यासमोर एकटी बसली होती.